माजी सैनिकाचा रकाना कोणाचा?

पत्र असे आहे :

«काका, सप्रेम नमस्कार. मी पेडणे तालुक्यातली. वय २२. गेल्या वर्षी बी.कॉम. झाले, ६४ टक्के पडले. बाबा २४ वर्षे मराठा पलटणीत होते, चार वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झाले. भाऊ यंदा बारावीला आहे. कनिष्ठ कारकुनाच्या जाहिरातीत राखीव जागांमध्ये 'माजी सैनिक' असा एक रकाना आहे. सायबर कॅफेवाला म्हणतो, बाबांचे डिस्चार्ज बुक जोड आणि त्या रकान्यात खूण करून टाक. बांद्याची मावशी म्हणते, सैनिकांच्या मुलांना कोटा असतोच, तिला तसा मेसेजसुद्धा आलाय. ओळखीतले एक गृहस्थ तीन लाख मागतात, सैनिक कोट्यात बसवून देतो म्हणतात. आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, पण बाबांच्या पेन्शनमुळे आम्ही क्रीमी लेयरमध्ये, म्हणजे आरक्षण न मिळणाऱ्या सधन ओबीसींत, जातो असे कोणीतरी सांगितले, म्हणून तो मी वापरत नाही. बाबा सध्या मोपाला रात्रपाळीत सिक्युरिटीचे काम करतात. त्यांना मी अजून काही विचारलेले नाही. मी खूण करू का? आणि करायची नसेल तर एवढे सांगा, बाबांनी उभी उमेद देशाला दिली, मग आमच्यासाठी काहीच नाही का?»

तुला एकेरीतच लिहितो. माझी नात तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

खूण करू नकोस. तो रकाना तुझा नाही, तुझ्या बाबांचा आहे. आणि तीन लाख मागणाऱ्या माणसाला उद्यापासून दारात उभे करू नका.

आता हे असे का, ते सांगतो. मी आयुष्यातली ३१ वर्षे सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली आणि हा गोंधळ माझ्या टेबलावर दरवर्षी यायचा. गोव्यात तो जास्तच होतो, कारण आपल्याकडच्या जाहिरातीत एकसारखे वाटणारे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक 'स्वातंत्र्यसैनिकांची मुले' आणि दुसरा 'माजी सैनिक'. इंग्रजी जाहिरातीत पहिल्याला सीएफएफ आणि दुसऱ्याला ईएसएम अशी आद्याक्षरे असतात. मराठीत दोन्हीकडे 'सैनिक' आहे, एकीकडे 'मुले' आहे, आणि घाईघाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एक होऊन 'सैनिकांची मुले' असा तिसराच रकाना तयार होतो. असा रकाना जाहिरातीत नसतोच. जाहिरात पुन्हा काढ आणि बोट ठेवून वाच. पहिल्यात मुलांचा उल्लेख आहे, दुसऱ्यात नाही.

तू पेडण्याची आहेस, म्हणून तुझ्याच वाटेवरचे उदाहरण देतो. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तसे लढलेले, तुरुंगात गेलेले, सरकारदरबारी नोंद झालेले लोक ते स्वातंत्र्यसैनिक. पुढे १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात आले आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. त्या मोहिमेचे नाव ऑपरेशन विजय. त्या मोहिमेतला जवान मात्र निवृत्तीनंतर माजी सैनिक, स्वातंत्र्यसैनिक नव्हे. १९९९ ला कारगिलमध्ये लढले त्या मोहिमेचे नावही ऑपरेशन विजयच, आणि तिथला जवानही निवृत्त झाला की माजी सैनिक. तुझे बाबा १९९७ च्या सुमारास भरती झाले असतील. त्यांची जागा या दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेतल्या बहुतेकांनी कोवळ्या वयात लढ्यात उडी घेतली, आयुष्याची घडी विस्कटून घेतली, आणि स्वतः सरकारी नोकरीत जायचे त्यांचे वय कधीच उलटून गेले होते. म्हणून राज्याने त्यांच्या मुलांचा विचार केला. दुसऱ्या रांगेतल्या माणसाची अडचण वेगळी असते.

फौजेला तरुण माणसे लागतात. त्यामुळे शिपाई, नायक, हवालदार यांना ती चाळिशीच्या आसपास घरी पाठवते. त्या वयात घरात शिकणारी मुले असतात, म्हातारे आईवडील असतात, घराचे कर्ज असते. पेन्शन असते, पण ती निम्म्या पगाराची. या माणसाला दुसऱ्यांदा कामाला लागावेच लागते, म्हणून हे आरक्षण. केंद्राच्या १९७९ च्या नियमांच्या नावातच माजी सैनिकांची 'पुनर्नियुक्ती' हा शब्द आहे. केंद्राच्या गट 'क' मधल्या, म्हणजे कारकुनासारख्या पदांच्या, थेट भरतीत १० टक्के जागा त्यांच्यासाठी असतात. शेजारच्या महाराष्ट्रात गट 'क'ला हे प्रमाण १५ टक्के आहे. सगळीकडे मूळ हिशेब एकच, की ज्याने गणवेश उतरवला त्याला पुन्हा उभे करायचे. त्याच्या मुलीने ती जागा घेतली तर चाळिशीतला दुसरा कोणीतरी हवालदार रांगेतून बाहेर जातो.

तुला हे माझे मत वाटत असेल तर केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची बारावी पातळीवरची, म्हणजे सीएचएसएलची जाहिरात उघड. तिथे स्पष्ट लिहिलेले असते की माजी सैनिकांचे मुलगे, मुली आणि अवलंबित यांना वयाची सवलत मिळत नाही, त्यांनी आपला प्रवर्ग माजी सैनिक असा नोंदवू नये. इतके लिहावे लागते, याचा अर्थ दरवर्षी हजारो मुले तुझ्यासारखीच त्या खुणेपाशी येऊन थांबत असणार.

मग मावशीच्या मेसेजचे काय? तो सगळाच खोटा असेल असे नाही, दुसऱ्या राज्याचा असेल. पंजाबात माजी सैनिकांच्या भरतीचे १९८२ चे नियम आहेत, तिथे १३ टक्के आरक्षण आहे, आणि माजी सैनिक उमेदवार मिळाला नाही तर काही अटींवर त्याच्या पत्नीला किंवा एका अवलंबित मुलाला संधी मिळते. हरयाणातही माजी सैनिकांच्या अवलंबितांचा वेगळा प्रवर्ग असतो. फौजेतल्या घराघरांत ओळखी सगळ्या देशभर असतात, कोणीतरी तिकडची जाहिरात पुढे पाठवतो, आणि ती बांद्याला पोचेपर्यंत तिच्यावरचे राज्याचे नाव गळून पडलेले असते. मावशीला रागावू नकोस. तिने मायेनेच सांगितले.

खूण केली तर काय होते, तेही सांगून ठेवतो. माझ्या नोकरीच्या काळातली गोष्ट आहे. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा. वडील सैन्यातून निवृत्त. त्याने अर्जात माजी सैनिक म्हणून खूण केली होती, कोणाच्या तरी सांगण्यावरून. परीक्षेत चांगले गुण मिळाले. कागदपत्रांच्या पडताळणीला आला तेव्हा त्याच्या हातात वडिलांचे डिस्चार्ज बुक होते आणि चेहऱ्यावर असा विश्वास, की मला त्याच्याकडे बघवेना. अधिकाऱ्यांनी विचारले, तुम्ही सैन्यात होता का? तो म्हणाला, बाबा होते. नियमाने त्याचा अर्ज बाद झाला. त्याचे गुण सर्वसाधारण यादीतल्या शेवटच्या उमेदवाराइतके होते, पण भरलेला प्रवर्ग बदलायची मुदत संपली होती. त्याने काहीही लपवले नव्हते, खोटा कागद जोडला नव्हता, तरी नोकरी गेली. मी त्या खोलीत होतो आणि गप्प राहिलो, कारण बोलण्यासारखे काही नियमात नव्हतेच. आज वीसेक वर्षे झाली, पण पडताळणीची यादी भिंतीवर लागलेली दिसली की मला तो मुलगा आठवतो.

म्हणून सायबर कॅफेवाल्याला दूर ठेव. तो अर्ज भरून देतो, अर्जाची जबाबदारी घेत नाही. स्वतः भर, भरलेला अर्ज दोनदा वाच, मगच पाठव.

आणि तीन लाखवाल्याबद्दल थोडे सविस्तर, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते. २०२४ साली सरकारी नोकऱ्या लावून देतो म्हणून पैसे उकळल्याची प्रकरणे गोव्यात एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. किती घरांतल्या आईच्या बांगड्या त्यात गेल्या असतील! राज्यातल्या गट 'क' च्या भरतीसाठी २०१९ च्या कायद्याने कर्मचारी भरती आयोग झाला, परीक्षा संगणकावर होते, गुण त्यातूनच ठरतात. 'कोट्यात बसवून देतो' हे तो माणूस म्हणतो, तेव्हा तो तुला दोन गोष्टी विकत असतो. एक, जी त्याच्याकडे नाही. दुसरी, जी तुझ्यासाठी नाहीच. समजा, त्याने खोटा दाखला आणूनही दिला, तर सापडणार तू. नोकरी लागल्यावर पाच वर्षांनी सापडलीस तरी नोकरी जाते आणि गुन्हा वेगळा. बाबांची २४ वर्षांची स्वच्छ सेवापुस्तिका त्या एका कागदाला जोडली जाईल. हे त्यांना चालेल का, एवढेच मनाशी विचार.

आता तुझ्या खऱ्या हक्काकडे येतो. तो तू स्वतःच बाजूला टाकून ठेवला आहेस. ओबीसीचा दाखला!

पेन्शन आहे म्हणून क्रीमी लेयर, असे होत नाही. केंद्राच्या १९९३ च्या निकषांत सैन्यातल्या पालकांबाबत हुद्द्याची रेघ आखलेली आहे. आई किंवा वडील कर्नल किंवा त्याहून वरच्या हुद्द्यावर असतील तर मुले क्रीमी लेयरमध्ये जातात. हवालदार त्या रेघेच्या कितीतरी खाली. राहिला उत्पन्नाचा निकष. वर्षाला ८ लाखांची मर्यादा, तीही सलग तीन वर्षांची पाहतात, आणि त्यात पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मिळवत नाहीत. म्हणजे बाबांचा मोपाचा पगार त्यात मिळवायचा नाही, आणि पेन्शन धरली तरी हवालदाराची वर्षभराची पेन्शन ८ लाखांच्या जवळपासही जात नाही. गोव्यात ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. माजी सैनिकांच्या हातावर मोजण्याएवढ्या जागांच्या मागे लागून तू हा एवढा मोठा दरवाजा बंद करून बसली होतीस. दाखला काढ, त्यावरची तारीख बघ, नॉन क्रीमी लेयरचा भाग जुना झाला असेल तर जाहिरात यायची वाट न पाहता नवा करून घे. जाहिरात आली की कचेरीत रांग लागते आणि शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडतो, हे तुला कोणीही सांगेल.

इथे एक शब्द समजून घे, पुढे उपयोगी पडेल. एससी, एसटी, ओबीसी ही आरक्षणे उभी. माजी सैनिक, दिव्यांग ही समांतर, म्हणजे आडवी. माजी सैनिकाची जागा या उभ्या गटांना छेद देऊन भरली जाते, ओबीसी माजी सैनिक निवडला गेला तर तो ओबीसीच्या खात्यात मोजला जातो. १९९२ च्या मंडल खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक करून दिला. तुझ्याकडे उभे आरक्षण आहे, आडवे नाही. एवढे लक्षात ठेवलेस तर अर्जाच्या कुठल्याही पानावर गोंधळणार नाहीस.

बाकीच्या अटी तुला माहीत असतील, भरभर सांगतो. १५ वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून. तू गावातच वाढलीस तर त्यात अडचण नाही. पण वाचकांपैकी ज्यांची मुले बेळगाव, पठाणकोट, अंबाला अशा छावण्यांतून शिकली, त्यांनी शाळेचे दाखले आणि वडिलांच्या बदल्यांचे कागद घेऊन आताच मामलेदार कचेरीत जाऊन विचारावे, ऐन वेळी नको. रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड. कारकुनाच्या पदाला बारावी आणि मिनिटाला ३० शब्दांचे टायपिंग. कोंकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे असल्यास उत्तम, असे आपल्या भरती नियमांत असते. तू घरात मराठी बोलत असशील, शेजारी कोंकणी बोलत असशील. पण बोलणे वेगळे आणि प्रश्नपत्रिकेत वाचणे वेगळे. रोज कोंकणीतले एक पान वाच.

सैनिकाच्या मुलांना नोकरीत कधीच काही मिळत नाही, असेही मी म्हणणार नाही. युद्धात किंवा कारवाईत जवान शहीद झाला, किंवा सैनिकी सेवेमुळे ५० टक्क्यांहून अधिक अपंगत्व येऊन नोकरीला अयोग्य ठरला, तर त्याच्या कुटुंबातल्या दोघांपर्यंत केंद्राच्या गट 'क' च्या नेमणुकीत प्राधान्य असते. सार्वजनिक बँकांत लिपिक पदांवर माजी सैनिकांसाठी जे १४.५ टक्के आरक्षण आहे, त्यातले ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि कारवाईत शहीद झालेल्यांचे अवलंबित यांच्यासाठी आहे. सेवेत असताना मृत्यू आला तर अनुकंपा तत्त्वाची वाट वेगळी. या सगळ्या वाटा घरावर कोसळलेल्या संकटातून निघतात. तुझे बाबा धडधाकट घरी आले. त्या वाटा तुझ्यासाठी बंद आहेत, आणि त्या बंद आहेत यासाठी देवापुढे दिवा लाव.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. 'आमच्यासाठी काहीच नाही का?' ते वाचून मी पत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ तसाच बसलो. काही आहे. ते नोकरीच्या रकान्यात नाही, शिक्षणात आहे, आणि तुमच्या घरात त्याची कोणी चौकशी केलेली दिसत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर अर्ज करायचा. मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, वर्षाला देशभरात साडेपाच हजार जणांना मिळते. आधीच्या परीक्षेत ६० टक्के हवेत. तुला पदवीला ६४ आहेत. उद्या तू बी.एड. किंवा एम.बी.ए. करायचे ठरवलेस तर तुझा अर्ज बसतो. भाऊ बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी, बी.सी.ए. असे काही घेणार असेल तर त्याला आताच सांग की ६० च्या खाली जाऊ नकोस, ५९ ला अर्जही करता येत नाही. याखेरीज हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान आहे. ते महिन्याला १,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झाले. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले म्हणजे ते नेमके त्या मर्यादेत बसतात. तुझे पदवीपर्यंतचे दिवस गेले, भावाचे जाऊ देऊ नका. दोन्ही अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात, आणि कागद तपासून घ्यायला पणजीला राज्य सैनिक मंडळाच्या कार्यालयात जायचे. तिथे बाबांना घेऊन जा. आणि भावाला फौजेत जावेसे वाटत असेल तर भरतीत माजी सैनिकाच्या मुलाला बोनस गुण आणि उंची-छातीच्या मोजमापात थोडी सूट असते. ते त्याने ठरवावे, कोणी ढकलू नये.

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडले ते.

तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात बाबांच्या आताच्या कामाबद्दल एकच ओळ आहे. मोपाला रात्रपाळीत सिक्युरिटी. वय ४७ धरतो. रात्रभर दारावर उभा राहून सकाळी घरी येणारा हा माणूस त्या रकान्याचा खरा मालक आहे, आणि घरात कोणाच्याही डोक्यात ते आले नाही. त्यांच्याही आले नसावे. आपल्याकडे बाप निवृत्त झाला की नोकरीचा विचार आपोआप मुलांकडे सरकतो. तो स्वतःही बाजूला होतो. माझे झाले गेले, आता पोरांचे बघा, असे म्हणत पुढच्या रात्रपाळीला जातो.

हिशेब मांड. केंद्राच्या गट 'क' पदांसाठी माजी सैनिकाचे वय मोजताना त्याच्या आजच्या वयातून सैनिकी सेवा वजा करतात, आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते. बाबांचे ४७ वजा २४ म्हणजे २३. सीएचएसएलची मर्यादा २७. तिथे ते तुझ्याहून एका वर्षाने मोठे, एवढेच! परीक्षेचे केंद्र पणजीला असते. बारावी झाली असेल तर कनिष्ठ सहायकाच्या पदाला ते थेट पात्र. बँकांच्या लिपिक भरतीतही सेवेची वर्षे अधिक तीन अशी सूट आहे, मात्र तिथे वयाची शेवटची मर्यादा ५०. म्हणजे त्यांच्या हातात तीनेक वर्षे आहेत आणि ती भराभर जातील. पदवी नाही म्हणून ते मागे सरतील, तर त्यांना सांग, दहावी झालेला आणि किमान १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक पदवी लागणाऱ्या बऱ्याचशा बिगर-तांत्रिक गट 'क' पदांना आणि बँकेच्या लिपिक पदाला पात्र धरतात. राज्याच्या जाहिरातीत ईएसएमच्या पुढे जागा दिसली तर तिथेही अर्ज करायचा तो त्यांनीच, शिक्षणाची आणि वयाची अट त्या जाहिरातीतली वाचून.

सिक्युरिटीच्या खाजगी नोकरीने त्यांचा माजी सैनिक म्हणून हक्क जात नाही. पण एक काळजी घ्या. सरकारी नोकरीत एकदा या सवलतीवर रुजू झाले की पुढच्या भरतीसाठी ते माजी सैनिक म्हणून धरले जात नाहीत. म्हणून रुजू होतानाच, त्याआधी जिथे जिथे अर्ज केले आहेत त्यांची तारखेसह यादी स्वयंघोषणापत्रात लिहून द्यायची. मग त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. ही एक ओळ माहीत नसल्याने केंद्राच्या चांगल्या जागेचा निकाल लागूनही हात चोळत बसलेले लोक मी पाहिले आहेत. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, सैनिक मंडळाचे ओळखपत्र, सगळ्याच्या चार चार प्रती काढून एका फायलीत ठेव. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हातात द्यायचे नाही, कॅफेवाल्याच्या तर नाहीच.

ते म्हणतील, या वयात परीक्षा कुठली देऊ, पोरांबरोबर बसायला लाज वाटते. तेव्हा तू हट्ट कर. मुलीचा हट्ट बाप मोडत नाही. तुम्ही दोघे एकाच अभ्यासक्रमाची तयारी करणार आहात, गणित, इंग्रजी, सामान्यज्ञान, सगळे तेच. तू त्यांना संगणक आणि टायपिंग शिकव, ते तुला पहाटे पाचला उठवतील. तुझी जागा ओबीसीत, त्यांची माजी सैनिकांत. एकमेकांच्या वाटेत तुम्ही येतच नाही.

मला एक कळव. बाबांच्या डिस्चार्ज बुकात 'ट्रेड' या शब्दापुढे काय लिहिले आहे? कारकून लिहिलेले असेल तर त्यांनी २४ वर्षे हेच काम केले आहे, आणि मग त्यांना कारकुनी शिकवायला जाऊ नकोस, तूच त्यांच्याकडून शिकून घे. दुसरे काही असेल तर तेही कळव, त्या कामाशी जुळणारी पदे कुठे निघतात ते मी तुला लिहून पाठवीन. आज रात्री ते कामावर जाण्याआधी विचार.